तिन्हीसांजेला लेण्याच्या तोंडाशी

पहिल्या वेळी मी आत गेले होते. एप्रिल महिना, दुपारचे चार वाजलेले, हातात मोठी विजेरी. जुन्नर तालुक्यातल्या एका डोंगराच्या पोटात, पायवाटेपासून बरेच वर, ओसरीचे खांब तुटलेले एक लहानसे लेणे आहे. आतल्या खोलीच्या दाराशी उभी राहून मी विजेरीचा झोत छताकडे फिरवला आणि छतच सुटले. पंखांचा वारा, तोंडावर येणारी ऊब, डोळ्यांना झोंबणारा उग्र वास. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. गलका निवल्यावर विजेरी खाली वळवली, तर लेंड्यांच्या मऊ थरावर अंगठ्याएवढे एक पिल्लू पडले होते. अंगावर केस नव्हते. ते पुन्हा पुन्हा तोंड उघडत होते आणि मला काही ऐकू येत नव्हते.

बाहेर कातळावर एक म्हातारे बाबा शेळ्या राखत बसले होते. मी धुळीने माखून बाहेर आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. म्हणाले, ‘‘आत कशापायी गेला, ताई? हितं बसायचं. दिस बुडाला की येत्यात त्या भाईर आपसूक.’’

हे पुस्तक त्या वाक्यातून निघाले आहे. त्या संध्याकाळी मी त्यांच्या शेजारी बसून राहिले आणि पुढची अनेक वर्षे, जमेल तेव्हा, त्याच कातळावर जाऊन बसत राहिले. पुढच्या पानांत आहेत त्या तिथल्या, आणि नंतर सह्याद्रीतल्या इतर काही लेण्यांच्या, गडावरच्या टाक्यांच्या आणि भुयारांच्या तोंडाशी बसून केलेल्या संध्याकाळच्या नोंदी. वाचायला घेण्यापूर्वी काही गोष्टी सांगून ठेवते. काय पाहायचे, ते तिथे का दिसते, आणि मी आत जाणे का सोडले.

सूर्य डिसेंबरात सहाच्या सुमारास बुडतो, जूनच्या अखेरीस सव्वासातला. घड्याळ कोणतेही असो, क्रम साधारण तोच असतो. घारी आपल्या झाडांकडे गेलेल्या असतात. कड्याच्या फटीतले पक्षी शेवटच्या गिरक्या घेऊन आत शिरतात. मग एक रिकामी वेळ येते. उजेड अजून पुरता गेलेला नसतो, आकाशात कुणी नसते. नव्याने आलेले लोक नेमके याच वेळी उठून निघतात. त्यांनी आणखी दहा-पंधरा मिनिटे बसायला हवे असते.

त्या वेळी लेण्याच्या आत हालचाल सुरू झालेली असते. दाराच्या काळ्या चौकटीत काहीतरी येते आणि वळून परत जाते. पुन्हा येते, पुन्हा जाते. वटवाघळे बाहेरचा उजेड जोखत असतात. आतल्या अंधारात तासाचा हिशेब शरीराला ठाऊक असतो, पण आजचे आभाळ कसे आहे हे दाराशी येऊनच कळते. ढगाळ संध्याकाळी ती लवकर निघतात, लख्ख आभाळ असले तर थांबतात. मग एक निघते. लगेच दुसरे निघत नाही. अर्धे मिनिट जाते. दोन निघतात. आणि मग चौकटीतून धागा सुटावा तशी रांग सुरू होते. कधी डाव्या अंगाने, कधी खालून गवताला लागून, कधी सरळ वर. पंखांचा आवाज जवळ बसलेल्याला येतो, पातळ कागद झटकल्यासारखा. तोंडासमोरून गेलेल्याचा वारा गालाला लागतो, पण धक्का कधीच लागत नाही. केसांत अडकतात म्हणून डोक्याला रुमाल बांधून येणारे पुष्कळ भेटले. इतक्या वर्षांत माझ्या केसांत एकही अडकले नाही.

‘वटवाघूळ’ या शब्दात वड आहे, गुहा नाही. वडापिंपळावर, आंब्यावर दिवसाढवळ्या उघड्यावर लटकणारी, फळे खाणारी मोठी वटवाघळे माणसाच्या नजरेसमोर होती, म्हणून नावात तीच बसली. अंधारातल्या लहानग्यांना अनेक गावांत पाकोळी म्हणतात, आणि हाच शब्द वळचणीला घरटे करणाऱ्या, तिन्हीसांजेला चिवचिवत घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यालाही आहे. पूर्वी मला हा घोळ वाटे. कातळावर बसून पाहिल्यावर मात्र भाषेने बरोबर पाहिले आहे असे वाटू लागले. दोघांचे काम एकच, उडते किडे हवेतल्या हवेत टिपणे. पक्षी आत गेला की त्याच हवेत वटवाघूळ येते. पाळी बदलते, जागा तीच राहते. वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रातल्या खडकांवर तर अशा एका पक्ष्याची वसाहत गुहेत आहे, आणि तो पक्षी काळोखातली वाट आवाजाच्या टकटकीवरच शोधतो. वटवाघळाची विद्या पक्ष्याच्या घरातही आहे.

आता लेण्यांविषयी. महाराष्ट्रात नैसर्गिक गुहा फार थोड्या आहेत. याचे कारण आपल्या पायाखालच्या दगडात आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. हा काळा बेसॉल्ट पाण्यात विरघळत नाही. चुनखडक विरघळतो, म्हणून मेघालयात जमिनीखाली मैलोन्‌मैल लांबीच्या गुहा आहेत आणि आपल्याकडे नाहीत. मग आपल्याकडच्या, गुहेशिवाय न राहणाऱ्या वटवाघळांनी राहायचे कुठे? त्यांच्यासाठी कुणीतरी डोंगर कोरून ठेवले. दोन हजार वर्षांपूर्वी व्यापारी, राजे आणि साध्या गृहस्थांच्या दानातून बौद्ध भिक्षूंसाठी विहार खोदले गेले. पावसाळ्याचे महिने एका ठिकाणी राहण्याचा त्यांचा नेम होता, वर्षावास. एका माणसाला पुरेल अशी खोली, कोपऱ्यात दगडी बाक, दाराच्या चौकटीत बिजागरीच्या खुंटीसाठी भोक. भिक्षू गेले, लाकडी दारे कुजली, खोल्या राहिल्या. आत दिवसभर सारखाच गारवा, सारखाच दमटपणा, वारा नाही, उजेड नाही. वटवाघळाला आणखी काय हवे?

आजही अशा खोलीच्या छताला तेलकट काळपट डाग दिसतो. तिथे पिढ्यान्‌पिढ्या झुंबाड लटकत आलेले असते. डागाच्या बरोबर खाली, दगडी बाकावर, लेंड्यांची रास. मी त्या डागाकडे पाहते तेव्हा मला ते अपवित्र वाटत नाही. सलग वापरलेल्या घराचा उंबरा झिजतो, तसे ते छत आहे.

याची दुसरी बाजूही लिहायला हवी. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचे वटवाघळांच्या मलमूत्राने नुकसान झाले आहे. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघूरच्या त्या घळीत पोहोचला, त्याआधी कित्येक शतके तिथे माणसांची राहती वस्ती नव्हती आणि इतर जिवांना मज्जाव करणारे कुणी नव्हते. पाचव्या शतकातल्या रंगांवर पडलेला डाग परत निघत नाही. तिथे दारांना जाळ्या लावून वटवाघळांना बाहेर ठेवले आहे, आणि ते योग्यच आहे असे माझे मत आहे. पण महाराष्ट्रातली बहुतेक लेणी चित्रांची नाहीत. नुसत्या कोऱ्या भिंतींच्या, पडझड झालेल्या शेकडो खोल्या डोंगरांत आहेत. तिथे साफसफाईच्या नावाखाली धूर करून वटवाघळे हुसकली जातात, तेव्हा शिल्प वाचत नाही आणि बिऱ्हाड मात्र मोडते.

माझ्या त्या लेण्यात किती प्रकारची वटवाघळे आहेत हे समजायला मला तीन उन्हाळे लागले. ओसरीच्या आतल्या भिंतीला, जिथे थोडा उजेड पोहोचतो तिथे, पोट दगडाला चिकटवून बसलेली ती थडग्यातली वटवाघळे. जुन्या थडग्यांत आढळली म्हणून हे नाव पडले. त्यांचे डोळे मोठे आणि नजर चांगली असते. आपण पायरी चढलो की ती मान उचलून पाहतात. आतल्या खोल्यांत छताला सुटी सुटी, एकमेकांपासून अंतर राखून लटकणारी, नाकावर पानासारखी घडी असलेली लहान वटवाघळे. त्यांच्यातच घोड्याच्या नालेसारखी घडी असलेली दुसरी जात. सगळ्यात मागे, पाण्याच्या टाक्यावरच्या काळोखात, गर्दी करून राहणारी तपकिरी फळखाऊ वटवाघळे. ही गुहेत राहतात आणि उंबर, जांभूळ खायला रात्री दूरवर जातात. यांची तोंडे कोल्ह्यासारखी लांबट असतात. आणि कधी कधी दोन-चार मोठ्या कानांची, बेडूक, पाली, उंदीर धरणारी. त्यांची बैठक वरून दिसली नाही तरी खाली पडलेल्या नाकतोड्यांच्या तंगड्या आणि पतंगांचे पंख पाहून कळते. रक्त पिणारे वटवाघूळ यांत नाही. रक्तावर जगणाऱ्या जगात तीनच जाती आहेत आणि तिन्ही अमेरिकेच्या मध्य व दक्षिण भागातल्या.

ही सगळी एकदम बाहेर पडत नाहीत, आणि संध्याकाळ पाहण्यातली खरी गोडी इथेच आहे. थडग्यातली आधी निघतात. त्यांचे पंख लांब, अरुंद. ती उंच आणि वेगाने उडतात, ससाण्याला सहज सापडत नाहीत, म्हणून त्यांना उजेडात निघणे परवडते. नाकावर पान असलेल्यांचे पंख रुंद. ती झुडपांतून वळणे घेत हळू उडतात. लवकर निघाली तर शिक्रा नाहीतर ससाणा टिपेल. ती अंधाराची वाट पाहतात. पण फार थांबले तरी तोटा आहे, कारण डास, चिलटे आणि त्यांच्यासारखे बारीक किडे तिन्हीसांजेलाच सर्वांत दाट असतात आणि रात्र चढली की विरळ होतात. पोट आणि जीव यांच्यामधली ही वाटाघाट रोज होते, आणि प्रत्येक जातीने आपापल्या पंखांच्या घडणीनुसार तिचे उत्तर वेगळे काढले आहे. मोठ्या कानांची, बेडूक खाणारी, सर्वांत शेवटी निघतात. त्यांचे भक्ष्य अंधारातच सरपटते, त्यांना घाई नाही. पिलाला पाजणाऱ्या माद्या मात्र भुकेपोटी इतरांपेक्षा लवकर धोका पत्करतात. मे महिन्याच्या माझ्या नोंदींत पहिल्या वटवाघळाची वेळ अलीकडे सरकलेली दिसते, ती याचमुळे असावी.

मला ऐकू न आलेल्या त्या पिलाकडे परत येते. ते ओरडत होते. माणसाचा कान सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो, तोही तरुणपणी. सह्याद्रीतल्या नालेसारख्या नाकाच्या वटवाघळाची हाक ८० हजारांच्या आसपास असते. ती हाक ते नाकातून घालते, आणि ती नालेसारखी घडी आवाजाचा झोत समोर वळवण्याच्या कामी येते. पाच-सहा फुटांवरच्या पतंगाला आपटून ती हाक परत यायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. तेवढ्या वेळात अंतर, दिशा आणि पतंगाच्या पंखांची फडफड एवढे सगळे त्याला समजते. गुहेतली फळखाऊ जात हे काम वेगळ्या रीतीने करते. ती जिभेने टकटक आवाज काढते, आणि तेही फार अंधार असेल तेव्हाच. एरवी तिला डोळे पुरतात. ‘वटवाघूळ आंधळे’ ही समजूत निराधार आहे. एकही वटवाघूळ आंधळे नसते.

हे कळायला माणसाला दीडशे वर्षे लागली, आणि त्याची हकीकत मला फार मोलाची वाटते. इटलीतल्या पाव्हिया इथे लाझारो स्पालान्झानी नावाचे धर्मगुरू आणि शास्त्रज्ञ होते. १७९३ साली त्यांच्या लक्षात आले की मेणबत्ती विझली की घुबड खोलीत धडपडते, पण वटवाघूळ खुशाल उडते. डोळे निकामी केलेली वटवाघळेसुद्धा उडत राहिली. जिनिव्हाचे शल्यवैद्य लुई जुरीन यांनी त्यांचे कान बुजवले, तेव्हा ती भिंतींवर आदळू लागली. म्हणजे वटवाघूळ कानाने पाहते! पण ज्या खोलीत काहीच ऐकू येत नाही तिथे ते ऐकते काय, याला कुणापाशी उत्तर नव्हते. त्या काळच्या मोठ्या शास्त्रज्ञांनी प्रयोग बाजूला सारले आणि वटवाघळाला स्पर्शाने कळत असावे असे ठरवले. १९३८ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात डोनाल्ड ग्रिफिन हा विद्यार्थी पिंजऱ्यातली वटवाघळे घेऊन एका पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांच्या खोलीत गेला. मानवी कानापलीकडचे आवाज टिपणारे यंत्र त्यांनी बांधले होते. ते सुरू केले आणि शांत खोली आवाजाने भरून गेली. पुढे रॉबर्ट गॅलम्बॉस यांच्यासह ग्रिफिनने सगळे सिद्ध केले आणि १९४४ साली या विद्येला ‘इकोलोकेशन’, म्हणजे प्रतिध्वनीवरून ठाव घेणे, असे नाव दिले.

असे आवाज आपल्या कानांच्या पट्टीत उतरवून देणारी छोटी यंत्रे आता मिळतात. मी पहिल्यांदा लावले त्या संध्याकाळी कातळ तसाच शांत होता, आणि कानात मात्र पावसाच्या सरीसारखी टपटप, तिच्यात मध्येच किडा सापडला की घाईघाईची फर्रर्र. बाबांच्या कानालाही लावले. बराच वेळ ऐकून ते म्हणाले, ‘‘येवढा कालवा रोजच चालतोय व्हय हितं?’’

लेण्यांखेरीज एका जागेचा उल्लेख इथे करायलाच हवा, कारण एका गुहेचे महत्त्व तिच्याइतके दुसरीकडे क्वचितच दिसते. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, म्हादई उगम पावते त्या भीमगडाच्या जंगलात, तळेवाडीच्या बाजूला बारापेडेची गुहा आहे. भोवतालच्या गावांत मराठी बोलली जाते. १९१२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीत तरुण एस. एच. प्रेटर यांना तिथे एक वेगळेच वटवाघूळ मिळाले. प्रचंड कान चेहऱ्यावर पुढे आलेले, कपाळावर एकमेकांना जोडलेले. गडद तपकिरी अंगावर खांद्याशी फिकट पट्टा. पुढच्या वर्षी लंडनच्या संग्रहालयातल्या ओल्डफील्ड थॉमस यांनी त्याचे वर्णन केले आणि ही पाहणी उभी करणाऱ्या रॉटन या वनाधिकाऱ्याचे नाव त्याला दिले. त्यानंतर कित्येक दशके साऱ्या जगात ही जात फक्त या एका गुहेतून माहीत होती. पुढे ती कंबोडियात आणि मेघालयात सापडली, तरी आजही तिची माहीत असलेली ठिकाणे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. २०११ साली हे जंगल अभयारण्य झाले. या वटवाघळाची आणखी एक गोष्ट मला विलक्षण वाटते. त्याची हाक इतकी खालच्या पट्टीतली आहे की ती माणसाच्या कानाला यंत्राविना ऐकू येते. अख्ख्या दुनियेत इतके थोडे उरलेले, आणि आपल्याला ऐकू येईल असे बोलणारे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात या रॉटनच्या वटवाघळाला पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या बरोबरीने जागा मिळाली. सलीम अलींच्या नावाचे, दक्षिणेतले एक फळखाऊ वटवाघूळही पुढे त्याच यादीत आले. बाकी सगळी फळखाऊ वटवाघळे पाचव्या अनुसूचीत होती, कावळे आणि उंदरांच्या सोबत, उपद्रवी म्हणून. मारले तरी गुन्हा नाही. ज्या उंबराच्या बिया ती रात्रभर डोंगरभर पेरतात, त्या उंबराला आपण दत्ताचे झाड म्हणून हात जोडतो. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची काढली. पन्नास वर्षे लागली.

लाखांच्या थव्यांचे वर्णन या पुस्तकात सापडणार नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबॅड गुहेपाशी बसायला पायऱ्यांचे खुले प्रेक्षागृह बांधले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जिम व्हाइट नावाच्या गुराख्याने जमिनीतून धूर निघतो आहे असे समजून ती गुहा शोधली, असे सांगतात. तिथे वटवाघळांना त्रास होऊ नये म्हणून निघण्याच्या वेळी कॅमेरे आणि फोनसुद्धा बंद ठेवायला लावतात. टेक्ससमधल्या ब्रॅकन गुहेतून उन्हाळ्यात दीड कोटीहून जास्त निघतात, ते ढग हवामानखात्याच्या रडारवर दिसतात. सारावाकच्या मुलू इथल्या डिअर गुहेतल्या रांगा मैलभर लांबून दिसतात. आपल्याकडे काहीशे. पण काहीशे मोजता येतात. हातातल्या गणकाची कळ दाबत, दहा-दहाचे गठ्ठे करत, माणूस एकटाच मोजू शकतो, आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला पुन्हा मोजू शकतो. मला हे जास्त आवडते.

आत न जाण्याचे कारण आता सांगते. बहुतेक जातींची मादी वर्षाला एकच पिल्लू देते, साधारण पावसाच्या तोंडावर. उंदराएवढा जीव, पण आयुष्य हत्तीच्या चालीने. सायबेरियातले सात-आठ ग्रॅमचे एक वटवाघूळ ४१ वर्षे जगल्याची नोंद आहे. जो प्राणी सावकाश वाढतो तो सावकाशच भरून निघतो. विजेरीच्या एका झोताने माद्या बिथरतात, पोटाला बिलगलेली पिल्ले सुटतात. खाली पडलेले पिल्लू उचलून पुन्हा छताला लावायला मी नंतर शिकले. त्या पहिल्या दुपारी मला ते ठाऊक नव्हते.

दुसरे कारण आपल्या बाजूचे आहे. लेंड्यांच्या कोरड्या धुळीतून फुप्फुसाला बाधणारी बुरशी श्वासात जाऊ शकते. २०२० च्या मार्चमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळे तपासली, तेव्हा काहींत निपाह विषाणूच्या खुणा मिळाल्या. ही बातमी आल्यावर अनेक गावांतून मला फोन आले, वटवाघळे जाळून टाकावीत का म्हणून. मी त्या सगळ्यांना एकच सांगितले. विषाणू त्यांच्या अंगात फार जुन्या काळापासून आहेत आणि ती गुहेत स्वस्थ असताना आपल्यापर्यंत येत नाहीत. बिऱ्हाड मोडले की भेदरलेली वटवाघळे चहूकडे विखुरतात, आणि आजारी पडलेला प्राणी विषाणू जास्त टाकतो. त्यांना हात लावू नका, अर्धवट खाल्लेले फळ खाऊ नका, गुहेत जाऊ नका. बाहेर कातळावर, वाऱ्याच्या उलट बाजूला, दारापासून पंधरा-वीस पावले दूर बसणाऱ्याला धोका नाही.

याच कारणांसाठी पुढच्या पानांत एकाही लहान लेण्याचे नाव दिलेले नाही. प्रसिद्ध असलेल्या जागा नावानिशी आल्या आहेत, बाकी सगळ्या ‘अ’, ‘आ’, ‘इ’ अशा अक्षरांनी. मोबाइलच्या नकाशावर खूण पडली की पुढच्या रविवारी तिथे तीस माणसे विजेऱ्या घेऊन येतात, हे मी दोन ठिकाणी पाहिले. त्यातल्या एका ठिकाणी आता संध्याकाळी काही निघत नाही.

नोंदी तारखेप्रमाणे लावलेल्या नाहीत, ऋतूप्रमाणे लावल्या आहेत. पावसाळ्याचा भाग सर्वांत लांब झाला आहे. त्याचे कारण इतकेच की पावसातली संध्याकाळ मला सर्वांत कमी कळली आणि म्हणून सर्वांत जास्त वेळा पाहावी लागली. सर धरून बसली की ती दाराशी येतात, परततात, ओसरीच्या कडेला फेऱ्या मारतात. भुकेने निघालेली काही भिजून अर्ध्या तासात परत आलेली दिसतात. तासभर उघडीप मिळाली तर सगळी रांग दहा मिनिटांत वाहून जाते. चांदण्या रात्रींच्या नोंदी वेगळ्या काढल्या आहेत, कारण पौर्णिमेला माझ्या लेण्यातली नाकावर पान असलेली जात झाडांच्या सावलीतूनच जाते, उघड्या माळावरून जात नाही. छायाचित्रे थोडी आहेत आणि अंधुक आहेत. एकही फ्लॅश वापरून काढलेले नाही.

बाबांना आता डोंगर चढवत नाही. खाली वस्तीवर, घराच्या ओट्यावर बसलेले असतात. मी अंधारात उतरून आले की घोंगडी सरकवून जागा करतात. किती निघाल्या हे ते विचारत नाहीत. विचारतात, ‘‘कुनीकडं गेल्या आज?’’

गेल्या फाल्गुनात मी सांगितले, ‘‘नदीकडं गेल्या, बाबा. सगळ्या.’’

त्यांनी तिकडे मान वळवली. थोडे थांबून म्हणाले, ‘‘म्हंजे मळईतला ऊस तुटला न्हाय अजून.’’